सिंहराजाच्या जंगलात गाईडबरोबर कसं चालायचं

ओळखीतलं कोणी श्रीलंकेला निघालं की मला हमखास फोन येतो, की सिंहराजाला जायचं का, आणि गेलं तर तिथे नक्की करायचं काय, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी दोनदा जाऊन आलोय, एकदा मित्रांबरोबर आणि एकदा आईला घेऊन. दोन्ही वेळा फेब्रुवारीच होता, जंगल तेच, वाटही तीच, पण दुसऱ्या वेळी जे दिसलं त्याचा पाव हिस्सासुद्धा पहिल्या वेळी दिसला नव्हता. फरक फक्त चालण्यात होता. पहिल्यांदा आम्ही ट्रेकला गेल्यासारखे गेलो, सरळ मुलावेल्ला शिखर गाठायचं म्हणून भराभर चढलो, वर फोटो काढले, खाली आलो, आणि गाईड बिचारा मध्ये मध्ये थांबून कान देत होता तेव्हा आम्ही त्याला चल चल करत होतो. त्याची मला अजून चुटपुट लागून आहे. तर तुम्ही तसं करू नका म्हणून हे लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. सिंहराजा हे श्रीलंकेच्या नैऋत्येकडचं सदाहरित जंगल, आणि त्या देशात सखल भागातलं एवढं मोठं सलग पावसाचं जंगल आता हेच काय ते उरलंय. १८७५ मध्ये ब्रिटिशांच्या काळात ते राखीव झालं, १९७८ मध्ये बायोस्फिअर रिझर्व आणि १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. नावात सिंह असला तरी आत सिंह नाहीत. बिबट्या आहे पण तो दिसेल अशी आशा ठेवून जाऊ नका, हत्तीही अगदी मोजके उरलेत आणि ते सहसा वाटेवर येत नाहीत. ताडोब्याला जिप्सीत बसून वाघ कुठे आहे हे विचारत फिरायची सवय असेल तर ती इथे उपयोगाची नाही. इथे जीप जंगलात फिरवत नाहीत, पायीच जायचं असतं, आणि बघायचं ते सगळं वितभर, हातभर, नाहीतर डोक्यावर चाळीस मीटर उंच. पण जे आहे ते जगात दुसरीकडे नाही हे लक्षात ठेवा. इथल्या झाडांपैकी साठ टक्क्यांहून जास्त जाती फक्त श्रीलंकेतच सापडतात, आणि त्या बेटावर जे खास तिथलेच पक्षी आहेत त्यातले जवळजवळ सगळे या एका जंगलात आहेत.

आपल्याला तर इथे जास्तच मजा येते, कारण सह्याद्री आणि श्रीलंका हे जैवविविधतेच्या दृष्टीने एकच क्षेत्र धरतात. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती तेव्हा दोन्हीकडची जमीन जोडलेली होती, म्हणून आंबोली, कोयना, तिलारी फिरलेल्या माणसाला पावलोपावली वाटतं की अरे हे तर ओळखीचं आहे, आणि नीट बघितलं की कळतं की नाही, ही याची चुलत बहीण आहे. आपलं शेकरू तांबूस, तिथलं काळं-राखाडी. आपल्या आंबोलीच्या झुडपांत टिकटिक करणारे छोटे बेडूक आहेत ना, ज्यांच्या अंड्यातून शेपटीवाला टॅडपोल न येता थेट बेडकाचं पिल्लूच बाहेर येतं, तसेच त्याच कुळातले कितीतरी बेडूक तिथे आहेत. आणि नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, ते तर जसंच्या तसं तिथेही वाटेवर आडवं येतं.

आत शिरायची दारं मुख्य दोन. उत्तरेकडून कुडावा, म्हणजे कोलंबो, रत्नपुरा, कलवाना, वेड्डागला असं करत, आणि दक्षिणेकडून देनियायामार्गे पिटादेनिया. पूर्वेला मॉर्निंगसाइड म्हणून आणखी एक उंचावरचा थंड भाग आहे पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकडे जायची गरज नाही. पक्षी बघायचे असतील, बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर डोळे झाकून कुडावा घ्या, कारण तिथली मुख्य वाट रुंद आहे आणि बरीचशी सपाट. ओढे, झुलता पूल, धबधबे, पाण्यात उतरणं, दमछाक होईपर्यंत चालणं असं हवं असेल आणि गाले-मातराकडून येत असाल तर देनियाया. मी पुढे जे सांगतोय ते कुडाव्याचं आहे.

कोलंबोहून सकाळी निघून त्याच दिवशी जंगल फिरून परत, हा प्लॅन टूरवाले देतात, तो घेऊ नका. रस्ता वळणावळणाचा आहे, चार तास सहज जातात, म्हणजे तुम्ही पोचणार दहा-साडेदहाला, पक्ष्यांची पहिली गडबड संपलेली असणार, आणि दुपारी पाऊस. कुडावा किंवा वेड्डागलात घरगुती राहायची सोय आहे, तिथे कमीत कमी दोन रात्री राहा आणि दोन सकाळी जंगलात जा. एक सकाळ पुरत नाही. पहिल्या सकाळी डोळे नुसते हिरव्याला सरावतात, दिसायला लागतं ते दुसऱ्या दिवशी.

पावसाचं गणित वेगळं आहे. आंबोलीत पाऊस इथल्यापेक्षाही जास्त पडतो पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, सिंहराजाला मात्र नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात आणि वर्षाला तीन ते पाच हजार मिलीमीटर पाणी बारा महिन्यांत वाटलं जातं. त्यामुळे कोरडा महिना असा नाहीच, कमी ओले महिने आहेत, जानेवारी ते एप्रिलची सुरुवात, आणि मग ऑगस्ट-सप्टेंबर. त्यातही सकाळ उघडी आणि दुपारनंतर सर असं बरेचदा होतं, म्हणून गेट उघडल्या उघडल्या आत असायचं. रेनकोट नका घेऊ. अगदी खरं सांगतो, छत्री घ्या. रेनकोटमध्ये त्या दमट हवेत घामाने आंघोळ होते आणि चालताना त्याचा जो सरसर आवाज होतो त्यात पाच फुटांवरचा पक्षी ऐकू येत नाही. छत्री उघडून गपचूप उभं राहता येतं, दुर्बीण कोरडी राहते, आणि तिथले गाईडसुद्धा छत्रीच घेऊन फिरतात.

कपडे साधे, मातकट किंवा हिरवे, लवकर सुकणारे, जीन्स अजिबात नको, एकदा भिजली की संपलं. बुटांना तळ चांगला हवा, वॉटरप्रूफ नसले तरी चालतील, उलट आत गेलेलं पाणी बाहेर पडणारे बरे. दुर्बीण ८ बाय ४२ असेल तर उत्तम, १० ची असेल तर आहे तीच न्या पण जंगलात अंधार असतो आणि पक्षी जवळ असतात, त्यामुळे ८ जास्त उपयोगी पडते. कॅमेऱ्याचं म्हणाल तर मोठी लेन्स असेल तर न्या पण फ्लॅश बंद म्हणजे बंद. पाण्याची बाटली धातूची, खाऊ डब्यात, प्लास्टिकच्या पिशव्या-पुड्या घेऊन आत जायचंच नाही. पासपोर्ट आणि श्रीलंकन रुपयांत सुट्टी रोकड जवळ ठेवा, तिकीट गेटवर काढायचं असतं.

आता जळवा. यांच्याबद्दल विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. आहेत, भरपूर आहेत, पाऊस पडून गेला की आणखी. पण घाबरण्यासारखं काही नाही, कोकणातल्या माणसाला तर नाहीच. पानाच्या टोकावर दोऱ्याएवढी एक जळू मागच्या टोकाने चिकटून उभी असते आणि पुढचं टोक हवेत गोल गोल फिरवत असते, तुमच्या श्वासाचा आणि पावलांचा अंदाज घेत. आईने एकदा बोट जवळ नेलं तर ती लगेच त्या दिशेला वळली, बोट डावीकडे नेलं तर डावीकडे, उजवीकडे नेलं तर उजवीकडे, आई पाच मिनिटं तेच बघत बसली. उपाय म्हणजे लीच सॉक्स, जाड सुती कापडाचे गुडघ्यापर्यंत येणारे मोजे, पँट त्यात खोचायची आणि वरून नाडी घट्ट. तिथे राहायच्या ठिकाणी किंवा गेटजवळ मिळतात, नाहीतर आपल्याकडून शिवून न्या. वरून साबण चोळा, किंवा तिथे घरोघर मिळणारा सिद्धालेप बाम लावा. वाटेच्या कडेला झाडाला घासून उभं राहू नका आणि उगाच खाली बसू नका, एवढं केलं तरी निम्म्या कमी होतात. आणि लागलीच तर ओढून काढू नका, मीठ किंवा लायटरही नको, कारण तसं केलं की ती पोटातलं जखमेत ओकते आणि मग ते चिघळतं. बारीक टोकाकडून, म्हणजे तोंडाच्या बाजूने, नख आडवं सरकवायचं, ते सुटलं की जाड टोक सुटतं, मग टिचकीने उडवून द्या. रक्त बराच वेळ येत राहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यात काळजीचं काही नाही, कापूस दाबून ठेवा. ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र जायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

जळवांपेक्षा लक्ष द्यायचं ते सापाकडे. चापड्यांच्या कुळातला एक वीतभर-दीड वीत लांबीचा तपकिरी साप आहे, हम्प-नोज्ड पिट वायपर, नाक वर उचललेलं, आणि सुकलेल्या पानांत बसला की समोर असून दिसत नाही. श्रीलंकेत सर्पदंशाच्या ज्या घटना होतात त्यात याचा वाटा खूप मोठा आहे, आणि त्याच्या विषाने किडनीला इजा होऊ शकते. म्हणून वाट सोडायची नाही, ओंडक्यावर न बघता हात टेकायचा नाही, आणि गाईड जिथे पाय ठेवतो तिथेच आपला पाय. याचा देखणा भाऊबंद म्हणजे हिरवा चापडा, खास श्रीलंकेचा, हिरव्यावर काळी नक्षी. तो झुडपात वेटोळं करून तासन्‌तास एका जागी असतो आणि गाईडला बरेचदा माहीत असतं की काल कुठे होता, आज कुठे असेल. दाखवला तर दोन हात लांबूनच बघा.

गाईड सक्तीचा आहे, त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि हे बरंच आहे. जंगल वनखात्याचं, गाईड आसपासच्या गावातले. गेटवर पाळीप्रमाणे जो येईल तो मिळतो, पण तुम्हाला पक्ष्यांमध्ये रस असेल तर राहायच्या ठिकाणी आदल्या दिवशीच सांगून ठेवा म्हणजे ते त्यातला जाणकार माणूस बघून देतात. आणि निघायच्या आधी गाईडला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, आम्हाला शिखरावर जायचंच असं काही नाही. दोन, घाई नाही, तू थांबशील तिथे थांबू. तीन, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नकोस, दिसला नाही तर नाही. हे तिसरं ऐकलं की चांगल्या गाईडचा चेहरा खुलतो, कारण पाहुणे हट्ट धरतात म्हणून त्यांना नाइलाजाने ते करावं लागतं. त्याला नावाने किंवा लहान असेल तर मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ, अशी हाक मारा, मोठा असेल तर अय्या. आमच्या गाईडने आईला पहिल्या मिनिटापासून अम्मा म्हटलं आणि मग दिवसभर त्यांचं एकमेकांशी काय गूळपीठ जमलं, भाषा येत नसून. सिंहलीत आभार मानायला स्तुतियि म्हणतात, हा शब्द तर आपल्याला शिकवायलाच नको. आणि एक शब्द पाठ करून जा, हेमिन. म्हणजे हळू. तो वाटेवर मागे वळून हेमिन हेमिन म्हणाला की आहे तिथे थांबायचं.

गेटपाशीच सुरुवात होते, आत जायची वाट बघू नका. तिकीटघराच्या आसपास बरेचदा श्रीलंकन रानकोंबडा फिरत असतो, त्यांचा राष्ट्रीय पक्षी, तुरा लाल आणि त्याच्या मधोमध पिवळा डाग. तिथून पुढे रुंद वाट लागते ना, तिचा इतिहास ऐकून घ्या. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी या जंगलात यंत्रं लावून झाडं तोडायला सुरुवात झाली होती आणि ओंडके न्यायला म्हणून हा रस्ता पाडला होता. लोकांनी मोठा विरोध केला आणि १९७७ मध्ये ती तोड थांबली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावरून ट्रक जाणार होते त्याच्यावरच आज सगळ्यात जास्त पक्षी दिसतात, कारण दोन्ही बाजूला गर्द रान आणि मध्ये आभाळाची एक फट. ही फट महत्त्वाची आहे, पुढे सांगतो.

आता खरी गोष्ट. सिंहराजात पहिला तास तुम्हाला काहीच दिसत नाही. खोटं नाही सांगत. जंगल एकदम रिकामं वाटतं, लांब कुठेतरी तांबट कुटरूक कुटरूक करतोय, पाणी ठिबकतंय, बाकी शांत. माणसं इथेच कंटाळतात, बोलायला लागतात, आणि पुढे चला म्हणतात. पण हे जंगल असंच वागतं, कारण इथले पक्षी सगळीकडे पसरलेले नसतात, ते टोळीने फिरतात. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र येऊन एक मोठी वरात काढतात आणि खात खात रान पार करतात. कोलंबो विद्यापीठाचे प्रोफेसर सरथ कोटगामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टोळ्यांचा १९८० च्या दशकापासून अभ्यास केलाय, आणि सरासरी एका टोळीत अकरा-बारा जातींचे चाळीसेक पक्षी भरले. म्हणजे एक तास शून्य आणि मग दहा मिनिटांत चाळीस. तुमचं काम फक्त ती टोळी येईल तेव्हा गप्प उभं असणं.

टोळीत मुख्य भरणा केशरी चोचीच्या सातभाईंचा, आपल्याकडच्या सातभाईंसारखीच त्यांची अखंड कचकच चालू असते आणि गाईड आधी ती ऐकतो. आणि टोळीबरोबर कोतवाल. आपल्या सह्याद्रीतला भृंगराज तुम्ही बघितला असेल, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसाचे झुबके, तो जसा दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो तसाच हा पण काढतो, फक्त सिंहराजातल्या भावाच्या शेपटीला तारा नसतात, ती खोल दुभंगलेली असते, आणि कपाळावर तुरा. हा नुसता नक्कल करत नाही. पक्षी-अभ्यासक इबेन गुडेल आणि कोटगामा यांनी दाखवून दिलंय की त्याने काढलेले दुसऱ्यांचे आवाज ऐकून ते दुसरे पक्षी खरोखर त्याच्याकडे येतात, म्हणजे हा एक प्रकारे टोळी जमवतो. त्याचा फायदा असा की बाकीच्यांच्या हालचालीने उडालेले किडे त्याला आयते मिळतात, आणि बाकीच्यांना फायदा असा की ससाणा-शिक्रा आला की हा बोंब ठोकतो. कोतवाल हे नाव आपल्याकडे ज्याने ठेवलं त्याला मी मनातून नमस्कार करतो.

तर गाईडने हात वर करून थांबवलं की काय करायचं ते सांगतो, कारण इथेच सगळं ठरतं. पाय हलवायचे नाहीत. कुठे आहे, कुठे आहे असं विचारायचं नाही. दुर्बीण लगेच डोळ्याला लावायची नाही, आधी नुसत्या डोळ्याने हालचाल पकडायची. आणि जंगलाकडे बघायच्या ऐवजी त्या फटीकडे बघायचं, कारण टोळीला वाट ओलांडायची असते आणि ओलांडताना प्रत्येक पक्ष्याला त्या उघड्या जागेतून जावं लागतं, एकेक करून. खाली जमिनीवर पानं उलटत राखी डोक्याचे लाफिंगथ्रश, मधल्या फांद्यांवर मलबार ट्रोगन, लाल पोटाचा, पाठ करून बसला तर समोर असून कळणार नाही असा, आणि अगदी वर शेंड्याला रेड-फेस्ड मालकोहा, ज्याच्या तोंडावरचा लाल रंग त्या हिरव्यात कुंकू सांडल्यासारखा दिसतो. म्हणून तिघे-चौघे असाल तर वाटून घ्या, एकाने खाली बघायचं, एकाने मध्ये, एकाने वर, आणि बोटाने न दाखवता हळू आवाजात सांगायचं. दुसऱ्या ट्रिपला आम्ही एका वळणावर असे पंचवीस मिनिटं उभे होतो. आईची मान दुखायला लागली तर गाईडने तिला एका दगडावर जळवा झटकून बसवलं आणि स्वतःची छत्री तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. टोळी गेल्यावर कोणी बोलेच ना. मग आई म्हणाली, "पालखी गेली रे." मला याहून चांगला शब्द अजून सुचला नाही.

टोळी गेली की तिच्या मागे पळू नका, ती रानात शिरलेली असते. आता हळूहळू पुढे चालायचं आणि बारक्या गोष्टींकडे यायचं. वाटेच्या कडेला ऊन पडतं तिथे घटपर्णी असते, वेलीला टांगलेले पेले, त्यात पडलेले किडे पचवणारी. आपल्या देशात घटपर्णी बघायला मेघालयात जावं लागतं, इथली जात फक्त श्रीलंकेची, आणि सिंहलीत तिला बांडुरा म्हणतात. पेल्यात बोट घालू नका, वाकून नुसतं आत बघा. झाडाच्या बुंध्यावर डोळ्याच्या उंचीला लक्ष ठेवा, तिथे लायरोसेफॅलस नावाचा सरडा असतो, नाकावर गोल गाठ आणि गळ्याला पिवळी पिशवी, तो तुम्हाला बघून पळत नाही तर लाकडासारखा थिजतो. पायाशी पानांत खसखस झाली तर कांगारू सरडा, मागच्या दोन पायांवर धावत सुटतो. वरून कागदाचा कपटा तरंगत खाली येतोय असं वाटलं तर ते ट्री निम्फ फुलपाखरू. आणि काळं-पिवळं मोठं, पक्ष्याएवढं दिसणारं ते बर्डविंग, त्यांचं राष्ट्रीय फुलपाखरू.

पुढे रिसर्च स्टेशन लागतं. इथे डबा खायला थांबतात आणि या परिसरात ब्लू मॅगपाय यायची शक्यता चांगली असते, निळा-तपकिरी, चोच आणि पाय लालभडक. त्याला खायला टाकू नका, कितीही जवळ आला तरी. याच जंगलात पेरादेनिया विद्यापीठाच्या निमल आणि सावित्री गुणतिलके या शास्त्रज्ञ दांपत्याने १९९३ पासून पंचवीस हेक्टरचा एक तुकडा आखून त्यातलं करंगळीएवढ्या जाडीपासूनचं प्रत्येक झाड मोजून नोंदवायचं काम उभं केलं, आणि ती झाडं भरली दोन लाखांच्या वर. पंचवीस हेक्टरमध्ये. हे मला समजलं तेव्हापासून मी त्या जंगलाकडे हिरवी भिंत म्हणून बघूच शकत नाही.

घुबडाबद्दल वेगळं सांगतो कारण तिथे माणसं चुकतात. सेरेन्डिब स्कॉप्स आउल म्हणून तांबूस रंगाचं, वीतभरही उंच नसलेलं घुबड आहे. दीपाल वारकागोडा या पक्षीतज्ज्ञांना १९९५ मध्ये एक अनोळखी आवाज ऐकू आला, त्याच्या मागावर राहून २००१ च्या जानेवारीत याच सिंहराजात त्यांनी तो पक्षी डोळ्याने बघितला, आणि २००४ मध्ये तो नवी जात म्हणून जाहीर झाला. श्रीलंकेत त्याआधी नवा पक्षी सापडला होता तो १८६८ मध्ये. सहा वर्षं एका आवाजाच्या मागे. हे घुबड दिवसा झुडपात अगदी खाली, कमरेच्या उंचीला बसून झोपतं आणि रोज जागा बदलतं. गाईड तुम्हाला वाटेवर उभं करून एकटा आत जातो आणि शोधतो, कधी अर्धा तास लागतो. सापडलं तर दोघा-दोघांना नेतो. तेव्हा पाय अलगद टाकायचे, फ्लॅश नाही, बोलणं नाही, दोन मिनिटं बघायचं आणि मागे फिरायचं. आम्हाला दिसलं तेव्हा त्याने एक डोळा अर्धा उघडला, आतलं पिवळं दिसलं, आणि गाईडने लगेच माझा खांदा दाबून मागे घेतलं. फोटो नीट आला नाही. चालेल. आणि गाईड म्हणाला की आज नाही, पिल्लं आहेत किंवा कालच खूप माणसं येऊन गेली, तर जास्त पैसे देतो वगैरे अजिबात म्हणू नका. फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याचंही तसंच, सुकलेल्या पानांची जोडी लटकतेय असं वाटतं आणि ते दोन पक्षी असतात.

किती चालायचं? वयस्कर माणसं असतील तर रिसर्च स्टेशनपर्यंत आणि परत, चार-पाच तास आरामात जातात. तब्येत चांगली असेल तर दुसऱ्या दिवशी मुलावेल्ला, साधारण ७६० मीटर उंच, शेवटचा चढ मुळांच्या पायऱ्यांचा, ओला असेल तर उतरताना घसरडा. वरून जंगलाचं छप्पर दिसतं, फुलकोबीच्या गड्ड्यांसारखं. सिंहगला म्हणून लांबची वाट आहे ती दिवसभराची, सवय असेल तरच.

निघताना गेटवर मोजे उलटे करून झटका, बुटाच्या जिभेखाली बघा, छत्रीच्या घड्यांतही बघा. गाईडला फी देऊन झाल्यावर वर टीप हातात द्या, आणि मनापासून द्या, त्याने दिवसभर कान लावलेले असतात. तो चहाला घरी बोलावत असेल तर जा. तिथे कोरा चहा आणि बरोबर किथुलच्या गुळाचा खडा देतात, खडा दाताखाली धरायचा आणि वरून चहाचा घोट. किथुल म्हणजे आपला भेरली माड. आईने अंगणातलं झाड बघून लगेच ओळखलं, तिच्या माहेरी आजऱ्याकडे होता. ओट्यावर सुपात काळी सुकलेली सोलं वाळत घातली होती, ती गोरका, मासळीच्या कालवणात आंबटाला घालतात. आईने एक तुकडा उचलला, वास घेतला, चाखला, आणि त्या घरच्या बाईकडे बघून म्हणाली, "हे तर आमच्या कोकमाचंच घराणं." तिला मराठी कळलं नाही पण तिने आत जाऊन कागदात बांधून मूठभर आणून दिलं. घरी आल्यावर आईने ते बांगड्याच्या तिखल्यात घातलं, चार तुकडे पुरतात, कोकमापेक्षा जहाल आहे.